गच्ची किती वर्षं टिकते आणि जास्त कशी टिकवायची: ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी

नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत आम्ही चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. बेडरूमच्या छतावर पहिल्यांदा डाग दिसला तेव्हा तो पोळीएवढा होता. आर्द्रा संपेपर्यंत ताटाएवढा झाला आणि हस्ताच्या पावसात त्यातून थेंब पडायला लागले. पुढच्या मे महिन्यात सोसायटीने घाईघाईने एका ठेकेदाराकडून गच्चीवर केमिकलचा थर मारून घेतला. काम संपलं आणि आठवड्याभरात मृग लागला. जुलैत त्या थराला फुगे आले, ऑगस्टमध्ये तो हाताने सोलून निघत होता आणि आमच्या बेडरूममध्ये बादली तशीच होती.

त्या वर्षी मी कमिटीत गेलो. तेव्हापासून आमच्या आणि नातेवाइकांच्या नेरूळ-वाशीच्या सोसायट्या धरून पाच गच्च्यांची कामं रोज शिडी चढून बघितली आहेत. त्यातून जे पक्कं समजलं ते असं: गच्चीचा आजार पावसाळ्यात ओळखायचा, इलाज डिसेंबर ते मार्चमध्ये करायचा, आणि केमिकलचा डबा उघडण्याआधी उतार, पाईप आणि सांधे दुरुस्त करायचे. बहुतेक सोसायट्या हे बरोबर उलट्या क्रमाने करतात.

कोणतं छप्पर किती वर्षं

आकडे ढोबळ आहेत, कारण येऊरच्या पायथ्याची गच्ची आणि वाशीला खाडीसमोरची गच्ची एकसारखी झिजत नाही.

आरसीसी स्लॅब कोरडा राहिला आणि सळयांवर काँक्रीटचं पुरेसं आवरण असलं तर ५०-६० वर्षं सहज जातात. ओल मुरत राहिली तर २५-३० वर्षांतच सळया उघड्या पडलेल्या दिसतात. स्लॅबवरचा वीटकोबा (विटांचे तुकडे मॉर्टरमध्ये बसवून केलेला, पाणी अडवणारा उताराचा थर; पुढे नुसतं ‘कोबा’) नीट केलेला असला तर १५ ते २० वर्षं काम देतो. ॲक्रिलिकचा पांढरा थर ४-५ वर्षं, पॉलियुरेथेनचा त्याच्या दीडपट-दुप्पट. डांबरी मेम्ब्रेन, म्हणजे गच्चीवर चिकटवायची डांबराची चादर, उघडं राहिलं तर ८-१० वर्षं, वर संरक्षक थर असेल तर आणखी थोडी. साधा गॅल्वनाइज्ड पत्रा खाडीकिनारी ८-१० वर्षांत भोकं धरतो, चांगला कलर कोटेड पत्रा १५-२० वर्षं जातो. मंगलोरी कौल स्वतः ५० वर्षांहून जास्त टिकतं, पण खालचे वासे आणि रिपा तेवढ्या टिकतील याची खात्री नसते.

म्हणजे स्लॅबच्या एका आयुष्यात कोबा दोन-तीन वेळा आणि वरचा थर त्याहून जास्त वेळा नवा करावा लागतो. हा खर्च ‘अचानक आला’ असं दर वेळी म्हटलं जातं, तेव्हा मला फार वाईट वाटतं. तो पहिल्या दिवसापासून ठरलेलाच असतो.

स्लॅब आतून कसा खराब होतो

चांगलं काँक्रीट अल्कलीयुक्त असतं, त्याचा सामू (पीएच) १२-१३ च्या आसपास असतो. त्यामुळे आतल्या लोखंडावर एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा धरलेला असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये शिरत जातो आणि हा सामू ९ च्या खाली आणतो. पापुद्रा नाहीसा होतो, आणि पाणी व हवा मिळाली की सळई गंजायला लागते. खाडीवरच्या वाऱ्यातलं मीठ हेच काम आणखी लवकर करतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. ती जागा मिळवण्यासाठी तो खालचं काँक्रीट ढकलून फोडतो, आणि छताची खपली पलंगावर पडते ती अशी.

आमच्या स्ट्रक्चरल ऑडिटच्या, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीच्या वेळी इंजिनिअरने छताचा एक नारळाएवढा तुकडा फोडून ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिनचा (अल्कली असेल तिथे गुलाबी होणाऱ्या रसायनाचा) फवारा मारला होता. जिथे काँक्रीट निरोगी होतं तिथे झटकन गडद गुलाबी रंग उमटला. खालचा बोटभर पट्टा मात्र राखाडीच राहिला, आणि सळई नेमकी त्या राखाडी पट्ट्यात होती. तोवर जे सदस्य ‘नुसतं प्लास्टर मारून घ्या’ म्हणत होते, ते तो तुकडा हातात घेतल्यावर गप्प झाले. तुमच्याकडे ऑडिट झालं तर ही चाचणी स्वतः उभं राहून बघा.

दुसरा शत्रू ऊन. एप्रिल-मेमध्ये गच्चीचा पृष्ठभाग अनवाणी उभं राहता येणार नाही इतका तापतो आणि रात्री निवतो. स्लॅबच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर २० मीटर लांबीची गच्ची सुमारे ६ मिलिमीटर लांबते. कठडा तेवढा लांबत नाही. म्हणून पहिली चीर जवळजवळ नेहमी कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात जाते.

पहिलं काम: पावसात बघून ठेवा

गळती कुठून आहे हे ओळखायला सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे घड्याळ. पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासात छत टिपकायला लागलं तर उघडी चीर किंवा पाईपचा सांधा शोधा. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी थेंब पडत असतील तर कोब्याच्या पोटात पाणी साठलेलं आहे आणि ते सावकाश झिरपतंय. फेब्रुवारीतही ओल वाळत नसेल तर पावसाला दोष देऊ नका, टाकी, ओव्हरफ्लोचा पाईप किंवा सोलर हीटरची जोडणी तपासा. आणि ओल छताच्या मध्यावर न येता फक्त पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीच्या वरच्या अंगाला येत असेल तर गच्चीपेक्षा कठड्याच्या बाहेरच्या प्लास्टरवर संशय घ्या. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, ती बाजू सगळ्यात जास्त भिजते. नेरूळच्या एका सोसायटीने पूर्ण गच्ची नवी केली आणि गळती तशीच राहिली. दोष कठड्याला गेलेल्या एका आडव्या चिरेचा होता.

वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घराला एक कागद द्या: डाग कुठे, पाऊस कधी सुरू झाला, थेंब कधी पडला. भरवशाच्या इंजिनिअरला या नोंदी सोन्यासारख्या वाटतात.

मोठी सर थांबल्यावर तासाभराने गच्चीवर जा. जिथे पाणी साचून राहिलं असेल त्या डबक्यांच्या कडेने ऑइलपेंटची रेघ ओढा, खडू टिकत नाही. दुसऱ्या दिवशीही जे डबकं शिल्लक असेल तिथे उतार मेलेला आहे.

दुसरं काम: ऑक्टोबरमध्ये ठोकून आणि पाणी भरून तपासा

कोबा वाळल्यावर हातोडीच्या दांड्याने किंवा लोखंडी पाइपच्या तुकड्याने पावलापावलावर ठोका. घट्ट कोबा टणटण वाजतो, सुटलेला कोबा बद्द. बद्द आवाजाच्या जागा रंगवत जा. ठोकून तयार झालेला हा नकाशा आणि पावसातल्या डबक्यांच्या रेघा एकमेकांवर पडल्या की आजार कुठे आहे ते स्वतःहून समोर येतं.

मग पाणी तुंबवून तपासणी. पाईपांची तोंडं गोणपाट आणि सिमेंटने बंद करा, गच्चीचे विटांच्या पाळीने भाग पाडा आणि एकेका भागात ४०-५० मिलिमीटर पाणी ४८ तास ठेवा. एका वेळी एकच भाग भरा, नाहीतर कोणत्या भागातून गळतंय ते कळत नाही. खालच्या छताला सळया उघड्या पडल्या असतील तर आधी इंजिनिअरला विचारा, त्याशिवाय पाणी भरू नका.

तिसरं काम: काय करायचं ते ठरवा

कोबा ठोकल्यावर बहुतेक ठिकाणी घट्ट वाजत असेल, उतार जिवंत असेल आणि गळती दोन-चार चिरांमधूनच असेल, तर त्या चिरा, कोपरे आणि पाईपांची तोंडं दुरुस्त करून वर थर मारणं पुरेसं आहे. निम्म्याहून जास्त बद्द वाजत असेल तर जुना कोबा काढून नवा करणं हाच उपाय. सुटलेल्या कोब्यावर कितीही महागडं केमिकल मारा, खाली पाणी फिरत राहतं.

यात एक चूक अशी आहे की ती करू नका म्हणून मी हात जोडून सांगेन: जुना कोबा न काढता त्यावर दुसरा कोबा घालणं. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण २०० किलो भरतं. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकाप्रमाणे माणसं-सामानाचा भार धरलेला असतो चौरस मीटरला १५० किलो. २००० चौरस फुटांच्या गच्चीवर दुसरा कोबा म्हणजे ३७ टनांचं नवं ओझं, आणि तेही गंजलेल्या सळयांवर. ‘फोडायचा खर्च वाचेल’ असं सांगणारा ठेकेदार आला तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा.

इमारत १५ वर्षांपुढची असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सहकारी सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. गच्चीचं काम काढण्याआधी ते करून घ्या.

चौथं काम: कोबा करताना कुठे उभं राहायचं

जुना कोबा काढला की स्लॅब उघडा पडतो. हे दोन-तीन दिवस सगळ्यात मोलाचे. चिरा दिसतात तिथे इंग्रजी ‘व्ही’ आकारात खाच पाडून पॉलिमर मॉर्टरने (चिकट रसायन मिसळलेल्या सिमेंट-वाळूने) भरून घ्या. मग स्लॅब धुऊन सिमेंटच्या घोलाचा थर. त्यावर भिजवलेले विटांचे तुकडे उभ्या कडेवर, मधल्या फटी वॉटरप्रूफिंग पावडर घातलेल्या मॉर्टरने ठासून. विटा कोरड्या लावल्या तर त्या मॉर्टरमधलं पाणी शोषून घेतात आणि सांधे पोकळ राहतात. मी पहिल्या सकाळी मिस्त्रींना विटांचं टिपाड दाखवायला सांगायचो. बुडबुडे येणं थांबलं म्हणजे विटा भिजल्या.

उतार १०० ला १ पेक्षा कमी नको. म्हणजे पाईपपासून ६ मीटरवर कोबा ६० मिलिमीटर उंच हवा. पातळीच्या नळीने दर दोन मीटरवर स्वतः मोजून घ्या, नजरेच्या अंदाजावर सोडू नका. कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई द्यायची, तिला आपल्याकडे ‘वाटा’ म्हणतात. हा वाटा कठड्यावर फूटभर वर चढलेला हवा, आणि वरच्या टोकाला प्लास्टरमध्ये खाच पाडून आत दडवलेला. नुसता चिकटवलेला वाटा दोन उन्हाळ्यांत सुटतो आणि मागून पाणी उतरतं.

वर दीड-दोन सेंटिमीटरचा फिनिशिंग थर घेऊन दोरीने फूट-फूट अंतराच्या चौकटी पाडतात. त्यामुळे बारीक तडे त्या रेघांमध्येच जातात. पांढऱ्या चायना मोझेकचा (टाइल्सच्या तुकड्यांच्या फरशीचा) खर्च झेपत असेल तर जरूर करा, उन्हाची झळ खूप कमी होते आणि खालच्या खोलीतला पंखाही थंड वारा देतो.

मग कमीत कमी सात दिवस गच्चीवर पाणी साठवून ठेवा. याच काळात ठेकेदार पुढच्या कामावर जातो आणि पाणी मारायला कुणी नसतं, तेव्हा सोसायटीने वॉचमनला वेगळे पैसे देऊन हे काम लावलं तर काम टिकतं.

थर मारायचा असेल तर

आमची गच्ची सोलली त्याचं कारण केमिकल खराब होतं असं नाही, कोबा आतून ओला होता. मेच्या उन्हात वरून कोरडा दिसणारा कोबा पोटात पाणी धरून असतो. थर मारला की ते पाणी वाफ होऊन वर यायला बघतं आणि फुगे धरतात. तपासायची पद्धत अगदी सोपी आहे. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक गच्चीवर पसरून चारही कडा टेपने बंद करा, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. प्लास्टिकच्या आतून थेंब जमले असतील किंवा खालचा सिमेंटचा रंग गडद झाला असेल तर थांबा.

कोपऱ्यांत आणि पाईपभोवती आधी फायबरची जाळी लावून थर घ्या, मग सबंध गच्चीवर. दोन थर एकमेकांना काटकोनात मारायचे, मधे उत्पादकाने सांगितलेला वेळ जाऊ द्यायचा. डबे उघडताना कुणीतरी समोर हवं. डब्यात किती पाणी घातलं जातंय, यावर थराचं आयुष्य ठरतं.

पाचवं काम: खालून फुटलेलं छत

खपली पडलेल्या जागी लगेच पीओपी किंवा पुट्टी लावून रंग मारणं म्हणजे जखमेवर कपडा ओढून घेणं. सुटलेलं सगळं काँक्रीट काढा, सळईच्या मागूनही. तारेच्या ब्रशने गंज पूर्ण घासा, गंजरोधक थर द्या, जोडणीसाठी बाँड कोट द्या आणि पॉलिमर मॉर्टर थरांमध्ये भरा. सळई मूळ जाडीच्या मानाने खूप बारीक झाली असेल तर बाजूला नवी जोडायची की मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं, ओतून भरायचं काँक्रीट) करायचं, हे इंजिनिअर ठरवेल. वरून पाणी थांबल्याशिवाय खालून दुरुस्ती करू नका.

पाईप, झाडं, टाक्या

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. २००० चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेअठरा हजार लिटर पाणी खाली जायला हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. हिशेब करा. चार इंची पाइपाच्या तोंडावर एक प्लास्टिकची पिशवी आली की गच्ची तासाभरात हौद होते. प्रत्येक तोंडावर घुमटासारखी उभी जाळी बसवा. सपाट जाळीवर पान चिकटलं की ती बंद.

पिंपळ-वडाचं रोप कठड्यात दिसलं तर वरून कापू नका, ते अजून जोमाने फुटतं. तेवढं प्लास्टर फोडून मूळ काढा आणि जागा भरून घ्या. हे काम रोप बोटाएवढं असतानाच होतं.

डिश, सोलर पॅनल, कपड्यांचे खांब यांचे बोल्ट कोब्यात मारू देऊ नका. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर वजनाने उभं राहणारं स्टँड सांगा. कुंड्या थेट गच्चीवर न ठेवता पायांवर ठेवा म्हणजे खाली वारा फिरेल.

पत्रा आणि कौलं

गळती थांबत नाही म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड घालण्याकडे कल वाढलाय. महापालिकेची परवानगी आधी घ्या. आणि लक्षात ठेवा, शेड पाणी अडवेल, पण आत गंजलेली सळई त्याने बरी होत नाही. हुक नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर, खालच्या पन्हळीत मारला तर तिथूनच गळतं. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाने कडेचे पत्रे आधी उचलले, म्हणून कडेच्या दोन ओळींत हुकांचं अंतर कमी ठेवा. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते कापू किंवा घासू नका, धूळ फुप्फुसांना घातक असते. भिजवून अखंड उतरवा.

दिवाळे, घणसोलीसारख्या गावठाणांत आणि ठाण्याच्या जुन्या आळ्यांमध्ये अजून कौलारू घरं आहेत. त्यांना वर्षातून एकदा, रोहिणी लागायच्या आत, शाकारणी लागते: फुटकी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची, आढ्याचं मॉर्टर बघायचं, पन्हळ साफ करायची. रिपेवर नखाने टोकरून बघा, भुगा निघाला तर वाळवी आहे. पूर्वी वाशांना काजूच्या टरफलांचं तेल देत, ते आजही चांगलं चालतं.

पैसा आणि करार

गच्चीतून वरच्या फ्लॅटमध्ये होणारी गळती दुरुस्त करणं ही आदर्श उपविधींनुसार संस्थेची जबाबदारी आहे, वरच्या मजल्यावाल्याची नाही. माझ्यासारख्या कितीतरी घरांनी हे माहीत नसल्यामुळे स्वतःच्या खिशातून पैसे भरलेत. त्याच उपविधींत दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीसाठीचा राखीव निधी) किमान ०.२५ टक्के जमा करायला सांगितलंय. हे नियमाने जमलं तर कुणापुढे ऐनवेळी हात पसरावा लागत नाही.

ठेकेदाराचे १० टक्के पैसे एक अख्खा पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा आणि हे करारात लिहा. दहा वर्षांच्या हमीच्या कागदापेक्षा हे राखलेले पैसे जास्त उपयोगी पडतात.

मे महिन्यात

यावेळी गच्चीवर मोठं काम नको. फक्त झाडून घ्या, पाईपांमध्ये दोन बादल्या पाणी ओतून खालून किती जोरात येतं ते बघा, टाकीचा ओव्हरफ्लो कुठे पडतो ते बघा, सुटलेला वाटा बुजवा. पाऊस सुरू झाल्यावर दर रविवारी जाळ्या साफ करा.

आणि गच्चीच्या दाराची एक किल्ली वरच्या मजल्यावरच्या दोन घरांत ठेवा. आमच्याकडे ती सेक्रेटरींच्या कपाटात असायची. रात्री दोन वाजता पाणी तुंबलं आणि सेक्रेटरी गावाला गेलेले, तेव्हा कुलूप तोडून आम्ही वर गेलो. पाईपच्या तोंडावर नारळाची एक झावळी आडवी पडली होती. ती उचलल्यावर वीस मिनिटांत गच्ची रिकामी झाली.